हृदयाचा मेलेला स्नायू परत धडधडेल का?

घरात कुणाची अँजिओप्लास्टी झाली की सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, 'आता हृदय पहिल्यासारखं होईल ना?' उत्तर शोधायचं काम अर्थातच तुमच्याकडे येतं, कारण मोबाईल तुमच्या हातात. मग 'स्टेम सेलने हृदय नवं करा' अशा जाहिराती दिसतात. सातारा असो की सांगली, यासाठी शेत विकायला निघण्याआधी त्यात खरं किती, ते बघू या.

स्टेंट बंद पडलेली रक्तवाहिनी उघडतो. तोवर मेलेला स्नायू मात्र तो परत आणत नाही. मोठ्या अटॅकमध्ये सुमारे १०० कोटी पेशी मरू शकतात. मोडलेलं हाड जुळतं, हृदयाचं तसं नाही. पंचविशीतसुद्धा त्याच्या स्नायूपेशी वर्षाला जेमतेम एक टक्का बदलतात.

मग बाहेरून पेशी टोचल्या तर? गेली पंचवीस वर्षं तेच चाललंय. पण टोचलेल्या बहुतेक पेशी काही दिवसांतच मरतात किंवा रक्ताबरोबर वाहून जातात. त्यात २०१८मध्ये हार्वर्डने पिएरो अनवर्सा यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत, असं सांगितलं. एकट्या जीन थेरपीचंही फार जमलं नाही. हृदयाचं आकुंचन सुधारणारं एक जनुक विषाणूमार्फत पोहोचवण्याची मोठी चाचणी २०१५मध्ये फसली.

म्हणून आता दोन्ही एकत्र, म्हणजे पेशीला जनुकाची शिदोरी बांधून पाठवायची. २००३मध्ये अमेरिकेत व्हिक्टर झाऊ यांच्या गटाने पेशी तगवणारं 'एकेटी' हे जनुक घालून अस्थिमज्जेतल्या पेशी उंदरांच्या हृदयात सोडल्या आणि त्या जास्त टिकल्या. ही जोडी आपल्याकडेही यशस्वी झालीय, फक्त वेगळ्या आजारात. आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलने घडवलेल्या 'नेक्सकार १९'ला ऑक्टोबर २०२३मध्ये मंजुरी मिळाली. यात रुग्णाच्याच रक्तपेशी काढतात, त्यांत जनुक घालतात आणि त्या परत सोडतात. हा उपचार काही रक्ताच्या कॅन्सरवर आहे.

मग तेच हृदयात का होत नाही? कारण रक्तपेशी एकेकटी फिरते, तर हृदयाच्या पेशीला बाकीच्यांबरोबर ठेका धरावा लागतो. लेझीमच्या पथकात नवखा एकजण चुकला तरी रांग विस्कटते, तसंच हे. २०१९मध्ये डुकरांच्या हृदयात स्नायूपेशी वाढवणारा जनुकीय रेणू दिला, तेव्हा स्नायू खरंच सुधारला. पण पुढे त्यातली बरीच डुकरं अचानक दगावली, ठोके बिघडून.

तरीही आशा आहे. जानेवारी २०२५मध्ये जर्मन संशोधकांनी 'नेचर'मध्ये एका ४६ वर्षांच्या रुग्ण महिलेची नोंद दिली. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हृदयपेशींचा पॅच तिच्या हृदयावर बसवला होता. तीन महिन्यांनी हृदय प्रत्यारोपण झालं, तेव्हा काढलेल्या हृदयावर त्या पेशी जिवंत होत्या. मोठं पाऊल आहे, पण एका रुग्णाच्या अनुभवावरून उपचार ठरत नाही.

भारतात आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हृदयविकारासाठी स्टेम सेल फक्त चाचणीतच देता येतात. त्यामुळे कुणी पॅकेज सांगितलं तर दोनच प्रश्न विचारा. सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत चाचणीचा नंबर काय? आणि चाचणी असेल तर पैसे कशाचे?

मेलेला स्नायू उठवणं अजून प्रयोगात आहे, पण मरणारा वाचवणं आजच शक्य आहे. रक्तवाहिनी बंद पडली की अर्ध्या तासाच्या आसपास स्नायू मरायला लागतो. जत किंवा पाटणच्या वाडीवरून मिरज, कराड गाठायचं तर हा वेळ रस्त्यातच जातो. म्हणून छातीत दाब, डाव्या हाताला कळ, दरदरून घाम असं काही दिसलं तर 'ॲसिडिटी असेल' म्हणत सोडा पाजत बसू नका. १०८ला फोन करा. जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढा आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देता येईल का, ते विचारा. आज रात्री घरच्यांना एवढं सांगाच. आणि बायोटेक, मायक्रोबायोलॉजी शिकत असाल तर पेशी तालात कशा आणायच्या, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्यावर काम करायला तुम्हालाही वाव आहे.