पंच्याहत्तर मीटर मोजायचे कोठून?

शाळेसमोरच्या इमारतीत तळमजल्यावरचे दोन गाळे एकत्र केले जातात, काचा बसतात, ‘फॅमिली रेस्टॉरंट’ असा फलक लागतो. पालकांना त्यात वावगे काही दिसत नाही. काही महिन्यांनी त्याच फलकावर ‘परमिट रूम’ हे शब्द उमटतात आणि मग परिसर जागा होतो. सह्यांची मोहीम, नगरसेवकाकडे खेटे, राज्य उत्पादन शुल्क विभागाला निवेदन, प्रसंगी मोर्चा. महानगरांपासून तालुक्याच्या गावांपर्यंत हा क्रम आता ठरून गेला आहे. विभागाचे उत्तरही ठरलेलेच असते : अंतर नियमानुसार आहे.

हे उत्तर अनेकदा अक्षरशः खरे असते आणि खरी अडचण तेथेच आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालील विदेशी मद्याच्या १९५३ च्या नियमांनुसार शैक्षणिक वा धार्मिक संस्थेपासून ७५ मीटरच्या आत परमिट रूमला परवाना देता येत नाही. मात्र हे अंतर शाळेच्या कुंपणापासून सरळ रेषेत मोजले जात नाही. उपाहारगृहाच्या प्रवेशद्वाराच्या मध्यापासून, पादचारी ज्या जवळच्या वाटेने एरवी जातो त्या वाटेने, शाळेच्या सर्वांत जवळच्या फाटकाच्या मध्यापर्यंत ते मोजायचे असते. साहजिकच शाळेच्या मागच्या भिंतीला खेटून असलेले मद्यगृह, फाटक पलीकडच्या रस्त्यावर असेल तर, नियमात अगदी चोख बसू शकते. वर्गाच्या खिडकीतून काय दिसते, याच्याशी त्या मोजपट्टीला कर्तव्य नाही.

आता याच शाळेबाहेरच्या पानटपरीचा नियम पाहावा. तंबाखू नियंत्रणाच्या २००३ च्या केंद्रीय कायद्याने शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांत, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत, तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास मनाई केली. हे अंतर संस्थेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चहूबाजूंनी त्रिज्येने मोजावे, असे त्या कायद्याखालील नियम सांगतात. म्हणजे सिगारेट विकणाऱ्या टपरीला ९१ मीटर सरळ रेषेत आणि मद्य देणाऱ्या उपाहारगृहाला ७५ मीटर वळणावळणाने! टपरीवाल्याने हा न्याय कोणता, असे विचारले तर त्याला काय उत्तर द्यायचे?

चालण्याच्या वाटेवर अंतर बेतले की वाटच लांबवता येते, हे केरळने २०१७ मध्ये दाखवून दिले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आतील मद्यविक्रीस बंदी केली. पुढे वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या भागांसाठी ती मर्यादा २२० मीटर झाली. एर्नाकुलम जिल्ह्यातील उत्तर परवूर येथील एका बारमालकाने इमारत जागची हलवली नाही. त्याने प्रवेशद्वारापर्यंत चक्क भिंतींचा भुलभुलैया उभारला आणि चालण्याचे अंतर वाढवून घेतले. शाळांच्या बाबतीत एवढा खटाटोपही लागत नाही. दार बाजूच्या गल्लीत काढले की पुरते.

दुसरा कळीचा मुद्दा आधी कोण आले हा. अंतराची अट परवाना देताना तपासायची असते. शाळा नंतर उभी राहिली, तर जुन्या परवान्याला तिची झळ लागत नाही. शिवाय शाळा म्हणजे पूर्वप्राथमिक ते माध्यमिक अशी मान्यताप्राप्त शाळा किंवा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय. खासगी शिकवणी वर्ग त्या व्याख्येत येतच नाहीत. रात्री नऊला शिकवणीहून सुटणारी दहावीची मुले ज्या रस्त्याने घरी जातात, तो रस्ता या नियमाच्या नकाशावर नाही.

या संदर्भात कानपूरचे प्रकरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. तेथील एका पाच वर्षांच्या विद्यार्थ्याच्या वतीने शाळेलगतच्या मद्याच्या दुकानाविरुद्ध अलाहाबाद उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. दुकान अनेक वर्षांपूर्वीचे, शाळा नंतरची, असा बचाव होता. मे २०२४ मध्ये न्यायालयाने चालू परवाना तत्काळ रद्द केला नाही. पण ३१ मार्च २०२५ नंतर त्याचे नूतनीकरण करू नये, असे बजावले. परवाना एकदा मिळाला म्हणजे नूतनीकरणही हक्काने मिळालेच, असे नाही, हा त्यातला धागा आहे. महाराष्ट्रातही परवान्यांचे नूतनीकरण होते. त्या वेळी मालकाकडून शुल्क घेतले जाते, मग आजूबाजूला दरम्यान काय उभे राहिले ते पाहायला हरकत कोणती?

मालकांची बाजू अगदीच पोकळ नाही. शुल्क भरून, कर्ज काढून थाटलेला व्यवसाय शेजारी बालवाडी निघाली म्हणून बंद करायचा का, हा सवाल रास्त आहे आणि त्यासाठी स्थलांतराची मुदत व जागा देणे सरकारला भाग आहे. पण सरकार तटस्थ पंच नाही. जून २०२५ मध्ये मद्यावरील शुल्क वाढवताना वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांच्या जादा महसुलाची अपेक्षा धरण्यात आली. त्या करवाढीविरोधात १४ जुलैला बारचालकांनी बंदही पाळला. ज्या तिजोरीला हा पैसा हवा आहे, तिच्याच अधिकाऱ्यांच्या हाती मोजपट्टी आहे.

अंतर पाळूनही मुले सुरक्षित होतात असे नाही, हे मे २०२४ मधील पुण्याच्या कल्याणीनगर अपघाताने दाखवले. सौम्य मद्यासाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट असताना अल्पवयीन मुलाला मद्य दिले गेल्याचा आरोप झाला आणि दोघांचे प्राण गेल्यानंतर तपासणीची धावपळ उडाली. म्हणून दारातील वयाची तपासणी नको असे कोण म्हणेल? परंतु तिचा हवाला देऊन अंतराचा प्रश्न टोलवण्याची रीतही जुनीच आहे.

मार्च २०२५ मध्ये सरकारने विधानसभेत एक पाऊल पुढे टाकले. गृहनिर्माण सोसायटीच्या गाळ्यात नवे बिअर वा मद्यविक्रीचे दुकान काढायचे, तर सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल, असे जाहीर झाले. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना विचारण्याचे बंधन आले; समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारण्याचे मात्र त्या घोषणेत नव्हते.