पहिला क्रमांक आणि ८१वा

केंड्रिक लामार या कृष्णवर्णीय रॅप गायकाचे ‘नॉट लाइक अस’ हे गीत मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचले आणि पुढच्या वर्षी त्याला पाच ग्रॅमी पारितोषिके मिळाली. आपल्या घरांतील तरुण मंडळी हरखून गेली. कॉम्प्टनच्या उपेक्षित वस्तीतला कलावंत शिखरावर जातो, ही आनंदाचीच बाब आहे. परंतु या गीताचा विषय कोणता? ड्रेक नावाच्या दुसऱ्या रॅप गायकाच्या उखाळ्यापाखाळ्या!

याच कवीचे ‘ऑलराइट’ हे २०१५ सालचे गीत पाहावे. पोलिसी अत्याचारांविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या निदर्शकांनी ते एकमुखाने गायिले. बिलबोर्डच्या शंभर गीतांच्या यादीत मात्र त्याची मजल ८१व्या क्रमांकापलीकडे गेली नाही. खप आणि प्रसारण मोजणाऱ्या यादीकडून दुसरी अपेक्षा तरी काय करावी?

आम्हांला हे नवे नाही. वामनदादा कर्डकांची (१९२२-२००४) गीते खेड्यापाड्यांतून, वस्त्यावस्त्यांतून कंठोकंठी पसरली. ती कोणत्या यादीत होती? म्हणून ‘हा काय गोंगाट’ असे म्हणत मुलांच्या खोलीचे दार लोटून घेणाऱ्या पालकांना माझे सांगणे आहे, की आत जाऊन बसावे आणि ‘ऑलराइट’ लावायला सांगावे. त्यातील शिव्या खटकतील (मलाही खटकतात). नंतर त्याच खोलीत वामनदादा ऐकवावेत आणि ओळीओळीचा अर्थही सांगावा, कारण आपल्या मुलांचे मराठी आता तेवढे उरलेले नाही.