भरतीचे चार तास

पक्षी बघायचे तर पहाटे उठा, असं सगळे सांगतात. जंगलात, माळावर, तळ्याकाठी ते खरंही आहे. समुद्रकिनाऱ्यावरच्या पक्ष्यांना मात्र सूर्य उगवला की मावळला याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्यांचा दिवस पाणी ठरवतं. ओहोटीला जेवायचं, भरतीला झोपायचं, मग ती ओहोटी भर दुपारी असो की रात्री दोन वाजता. म्हणून हिवाळ्यात अलिबागकडे निघताना मी हवामानाचा अंदाज पाहत नाही, भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी पाहतो.

कोळीवाड्यांत हे गणित पिढ्यान्‌पिढ्या तोंडी आहे. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ निघते. ज्यांनी शाळेत पाऊणकीचा पाढा घोकला त्यांना कागदही लागत नाही. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्याचंच हे सोपं रूप. थोडी मागेपुढे होते, पण थर्मास भरून वेळेवर निघायला एवढा हिशेब पुरतो.

आता रविवारी पहाटे पुण्याहून निघून सातला आक्षीच्या वाळूत उभ्या राहणाऱ्या मंडळींचं काय होतं ते पाहा. त्या दिवशी पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर सहाच्या आसपास ऐन ओहोटी, तीही उधाणाची. पाणी पार लांब गेलेलं, पक्षी त्या पाण्याच्या कडेला विखुरलेले, आणि दुर्बिणीत नुसते तपकिरी ठिपके. मंडळी त्यांच्या मागे चालत जातात, पक्षी आणखी पुढे सरकतात. दोन तासांनी सगळे घामाघूम होऊन नाश्त्याला वळतात, आणि नेमकं तेव्हाच पाणी फिरलेलं असतं. द्वादशी-त्रयोदशीला जावं. सकाळी सातला पाणी चढत असतं, नऊ-पावणेदहाला भरती, आणि किनारा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे ऊन आपल्या पाठीशी, थेट पक्ष्यांच्या अंगावर. आपण हलायचंच नाही. समुद्र पक्ष्यांना आपल्याकडे आणून सोडतो.

आक्षी म्हणजे अलिबागच्या दक्षिणेला, खाडी ओलांडली की लागणारं गाव. मराठीच्या अभ्यासकांना ते शिलालेखामुळे माहीत असतं, पक्षीवाल्यांना किनाऱ्यामुळे. सपाट वाळू, मागे सुरूचं बन, एका बाजूला खाडीचं मुख. खाडीतून येणारा गाळ आणि समुद्राची वाळू जिथे मिसळते तिथे जमिनीच्या पोटात किडे, शिंपले, बारीक खेकडे खच्चून भरलेले असतात. एकाच पट्ट्यात इतक्या तऱ्हेच्या चोची कशा काय जेवतात, याचं उत्तर त्या पोटात आहे. चिखल्यांची चोच आखूड आणि डोळे मोठे. ते वरवरचं हेरतात, चार पावलं पळतात, थबकतात, टिपतात. कर्ल्यूची चोच लांब आणि खाली वळलेली, मादीची तर नरापेक्षाही लांब. ती खेकड्याच्या बिळात तळापर्यंत जाते. सँडरलिंग लाटेच्या पुढे पळत येतात आणि लाट परतली की तिच्या मागे पळतात. मागचं बोट नसलेला हा पक्षी त्या पळापळीतच पोट भरतो. ऑयस्टरकॅचर हा आक्षीचा खास पाहुणा. काळापांढरा, नारिंगी-लाल चोचीचा. तो शिंपला फोडतो तरी किंवा फटीत चोच घालून आतला स्नायू कापतो तरी. कोणत्या पद्धतीने खातो त्यानुसार त्याच्या चोचीचं टोक बोथट किंवा टोकदार होत जातं. त्याच वाळूत थोड्या अंतरावर गावातल्या बायका तिसऱ्या वेचत असतात. पक्षी त्यांना बिचकत नाहीत. वाकून, एका जागी, सावकाश काम करणाऱ्या माणसाला किनाऱ्यावरचा कुठलाच पक्षी घाबरत नाही, हे मी तुमच्या लक्षात आणून देतो, कारण पुढे त्याचा उपयोग आहे.

पाणी चढू लागलं की हे जेवण आवरतं घ्यावं लागतं. पट्टा अरुंद होत जातो, विखुरलेले पक्षी जवळजवळ येतात, लहान थवे मोठ्या थव्यांत मिसळतात. कुरव आणि सुरय आधीच वाळूच्या उंचवट्यावर बसलेले असतात. त्यांत तपकिरी डोक्याचे कुरव असतात, सायबेरियाच्या टुंड्रातून आलेले हॉयग्लिन्स गल असतात, लालभडक चोचीचा दणकट कॅस्पियन टर्न असतो. फेब्रुवारीत गेलात तर पल्लासच्या कुरवाचं डोकं काळं होत चाललेलं दिसेल, म्हणजे त्याची परतीची तयारी सुरू झाली. पाणी पुरतं चढलं की सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. एक पाय पोटात, चोच पाठीच्या पिसांत. पक्षी बघायला आलेल्या नवख्याला इथे कंटाळा येतो. काही घडतच नाही, असं त्याला वाटतं.

या न घडण्याबद्दलच मला आज लिहायचं आहे.

या थव्यांत सर्वांत जास्त संख्या असते ती साठ-सत्तर ग्रॅमच्या एका मातकट चिखल्याची. आपण त्याला आजवर लेसर सँड प्लोव्हर म्हणत होतो. २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या दोन जाती केल्या, सायबेरियन आणि तिबेटन. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येतो तो मुख्यतः तिबेटन. उन्हाळ्यात तो लडाख-तिबेटच्या पठारावर, चार हजार मीटरच्या वर अंडी घालतो. म्हणजे आक्षीच्या वाळूवर पेंगणारा हा जीव हिमालय ओलांडून आलेला असतो. जुनी जाणती पाखरं ऑगस्टमध्येच, पावसाळा संपायच्या आत इथे पोचतात. त्या वर्षीची पिल्लं मागून येतात, आणि किनाऱ्यावरच्या बहुतेक स्थलांतरितांची पिल्लं आईबापांच्या सोबतीशिवाय येतात. त्यानंतरचा मुक्काम मार्च-एप्रिलपर्यंत. आपण याला ‘हिवाळी पाहुणा’ म्हणतो, पण वर्षातले सात-आठ महिने जो इथे राहतो तो पाहुणा कसला? विणीला तेवढा माहेरी जातो.

आणि इथे तो हवा खायला आलेला नाही. पंखांची झिजलेली पिसं बदलणं आणि परतीच्या उड्डाणासाठी चरबी साठवणं ही दोन्ही कामं त्याला याच वाळूवर करायची असतात. चरबी म्हणजे त्याचं इंधन. मोठ्या पल्ल्याचे काही पक्षी निघण्याआधी वजन जवळपास दुप्पट करतात. भरतीच्या वेळी खायला जागाच नसते, त्यामुळे त्या वेळी करण्यासारखी शहाणपणाची गोष्ट एकच, मिळवलेलं खर्च न करणं. थवा एकदा उठला, दोन चकरा मारून पुन्हा बसला, तर सकाळच्या जेवणातला काही भाग जळाला. भरून काढायला पुढची ओहोटी येईपर्यंत थांबावं लागतं.

अडचण अशी की भरतीला माणसालाही तोच पट्टा हवा असतो. ओहोटीत किनारा एवढा रुंद असतो की सगळे मावतात. पाणी चढलं की पर्यटक, घोडागाड्या, वाळूत उधळणाऱ्या चारचाकी बाइक, गावातली कुत्री आणि पक्षी, सगळे सुरूच्या बनापुढच्या चिंचोळ्या पट्टीत येतात. शनिवार-रविवारी आणि नाताळ ते नवं वर्ष या दिवसांत तर विचारू नका. थवा बसतो न बसतो तोच उठतो. लहान मुलं हात पसरून त्यात धावतात आणि आईबाप मोबाइलवर चित्रण करतात. मुलांना मी दोष देत नाही. पक्ष्यांचा ढग आपल्यामुळे उठतोय हे कुठल्याही मुलाला आवडणारच.

दोष मी आमच्या जमातीला देतो. हजारोंची लेन्स खांद्यावर घेऊन येणारे, पक्ष्यांची लॅटिन नावं पाठ असलेले, ‘फ्लाइट शॉट’ मिळावा म्हणून बसलेल्या थव्याकडे मुद्दाम चालत जातात. एक जण दुसऱ्याला सांगतो, तू पलीकडून ये. हे मी पाहिलं आहे, आणि ज्यांनी किनारा नियमित पाहिला आहे त्या सर्वांनी पाहिलं आहे. नंतर तोच फोटो ‘निसर्ग वाचवा’ अशा ओळीखाली झळकतो. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमागे वेफर उडवणारा प्रवासी यांच्यापेक्षा बरा म्हणायचा. तोही चूकच करतो, कुरवाच्या पोटात मीठ-तेल घालतो, पण निदान त्याला ते माहीत नसतं.

कायदा इथे मदतीला येतो का? येतो, पण अर्ध्यावरून परत जातो. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत सर्वांत संवेदनशील जागांची यादी आहे. तिच्यात कांदळवनं आहेत, वाळूच्या टेकड्या आहेत, जिवंत चिखलपट्टे आहेत, कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा आहेत आणि पक्ष्यांच्या घरट्यांच्या जागाही आहेत. आमच्या चिखल्याचं घरटं तिबेटात. इथे तो फक्त झोपतो, आणि झोपण्याच्या जागेचा त्या यादीत उल्लेख नाही. अंडं दिसलं की आपल्याकडे माया जागी होते, पेंगणाऱ्या पक्ष्यासाठी होत नाही. नवी मुंबईत हेच मोठ्या आकारात घडलं. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर स्थळ झाली, पण भरतीला खाडीतला चिखल बुडाला की फ्लेमिंगो ज्या तळ्यांत येऊन उभे राहतात ती तळी अभयारण्याच्या रेषेबाहेर. जेवणघर राखलं आणि झोपायची खोली बिल्डरच्या दारात राहिली. नेरूळच्या डीपीएस तलावाला संवर्धन राखीव करण्याचा निर्णय व्हायला २०२५ उजाडावं लागलं, तेही आधी तिथे फ्लेमिंगो मेल्यावर.

हे फुरसतीचं दुखणं नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आययूसीएनने जगभरातल्या सोळा स्थलांतरित किनारपक्ष्यांना धोक्याच्या वरच्या पायरीवर नेलं. त्यातले ग्रे प्लोव्हर आणि कर्ल्यू सँडपायपर आता ‘असुरक्षित’ आहेत. दोन्ही आपल्या किनाऱ्यांवरचे नेहमीचे, ज्यांच्याकडे आपण ‘हे तर असतातच’ म्हणून दुर्लक्ष करतो. कर्ल्यूचा एक सडपातळ चोचीचा भाऊबंद होता. त्याची शेवटची खात्रीची नोंद १९९५ ची, मोरोक्कोतली. २०२५ मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. तोही कधीकाळी कुणाच्या तरी यादीत ‘असतोच’ होता.

माझी मागणी लहान आहे. अभयारण्य नको, कुंपण नको, ‘पक्षी महोत्सव’ तर अजिबात नको, कारण महोत्सव म्हटला की ध्वनिक्षेपक येतो. आक्षीसारख्या किनाऱ्यावर खाडीच्या मुखाकडचा काहीशे मीटरचा तुकडा ऑक्टोबर ते मार्च, भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास मोकळा सोडावा. बाकीचा सगळा किनारा आहे तसा. चार खांब, एक दोरी, आणि एका फळ्यावर त्या दिवसाची भरतीची वेळ. ही वेळ रोज सरकते, त्यामुळे कुणाचाच धंदा रोज बुडत नाही. द्वादशीला सकाळचे चार तास गेले तर पंचमीला दुपारचे जातील. बाइकवाले आणि घोडागाडीवाले गावातलेच आहेत, भरती त्यांना माझ्यापेक्षा चांगली कळते. त्यांना विश्वासात न घेता वरून आदेश काढला तर तो फळा पहिल्या आठवड्यातच होळीला जाईल.

ग्रामपंचायतीला हे जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी वेळासला जाऊन यावं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्या गावात २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसोबत कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पूर्वी जी अंडी उकरून नेली जात, तीच आता गावात पाहुणे आणतात आणि घराघरांत जेवणाची ताटं वाढली जातात. चिखल्याकडे कासवाच्या पिल्लासारखं गोजिरं रूप नाही हे मान्य. पण किनारा कधी आणि कसा वापरायचा हे गाव ठरवू शकतं, एवढं तर वेळासने दाखवून दिलं आहे.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. ती १९८७ पासून चालू आहे, आणि तिच्यात कुणीही नोंद करू शकतं. दुर्मीळ पक्ष्याच्या मागे चार जिल्हे हिंडण्यापेक्षा एकच किनारा धरा आणि दर पंधरवड्याला त्याच तिथीला जा, म्हणजे पाण्याची पातळी सारखी मिळेल आणि आकडे एकमेकांशी ताडता येतील. यादीच्या शेरा रकान्यात थवा किती वेळा उठला आणि कशामुळे, तेही लिहा. फळ्याची मागणी घेऊन ग्रामसभेत गेलात तर उपयोगी पडेल ती हीच नोंद.

आठ बाय बेचाळीसची दुर्बीण पुरते, तिच्यासाठी कर्ज काढू नका. बसायला घडीचं स्टूल घ्या आणि भरतीच्या दोन तास आधी सुरूच्या कडेला जाऊन बसा. तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांसारखं खाली, सावकाश, एका जागी. झोपलेल्या थव्यातली एकदोन डोकी वर आली तर तिथेच थांबा. सगळी डोकी वर येऊन तुमच्याकडे बघू लागली तर तुम्ही फार जवळ गेला आहात, उठा आणि आलात त्याच वाटेने मागे या. पुढची द्वादशी गुरुवारी आली तर रजा टाका, रविवारची वाट पाहू नका.