बीच नसलेलं बेट

आमच्या बिदर-भालकीकडून गोव्याला जाणाऱ्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. रात्रभर गाडी, सकाळी कळंगुट, दुपारी बागा, संध्याकाळी पणजीत बोटीवरचा नाच आणि परतताना काजूच्या पिशव्या. हरकत काहीच नाही. पण त्याच गोव्यात मांडवीच्या पात्रात दिवाडी नावाचं बेट आहे. त्याचं आणि आपल्या बिदर-कलबुर्गीचं जुनं देणंघेणं आहे, आणि ते गाडीतल्या कुणाच्या गावीही नसतं.

आपल्याकडे बेट म्हटलं की कुरवपूर. गाणगापूर करून श्रीपाद श्रीवल्लभांच्या दर्शनाला निघालेला माणूस कृष्णा ओलांडतो, तेवढीच आपली बेटाशी ओळख. दिवाडीही नदीतलंच बेट, आणि मुळात तीर्थक्षेत्रच. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीपलीकडे धक्का आहे. फेरी लागली की लोखंडी फळी खडखडत खाली येते आणि स्कुटरी, माशांच्या टोपल्या, दप्तरं घेतलेली पोरं असं सगळं एकदम आत घुसतं. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. "खंयचे तुमी?" शेजारच्या आजींनी विचारलं. बिदर म्हटल्यावर त्यांना उलगडा होईना, म्हणून बेळगावच्या पुढे असं सांगितलं. किती पुढे, ते सांगेपर्यंत पलीकडचा काठ आला.

उतरल्यावर आमच्या मामांचा पहिला प्रश्न, "बीच कुठाय?" बीच नाही. वाळू नाही, शहाळीवाला नाही, गाणी नाहीत. काठाने खारफुटी आणि तिच्या आत खाजन शेती. भरतीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेले, आणि बांधात लाकडी दारं. या दारांना तिकडे मानस म्हणतात. भरती चढली की पाण्याच्या दाबानेच दार मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना वीज. लाइटीची वाट बघत रात्री बोअरपाशी जागणारे मामा त्या दारापाशी बराच वेळ उकिडवे बसून राहिले. ही मांडवी म्हणजेच म्हादई. तिचा उगम आपल्याच राज्यात, खानापूरच्या जंगलात आहे, आणि तिच्या पाण्यावरून दोन्ही राज्यं भांडताहेत. तो विषय मामांसमोर मी काढला नाही.

आता देणंघेणं. गोव्याच्या कदंब राजांचं दैवत सप्तकोटेश्वर याच बेटावर, नारवे गावात होतं. चौदाव्या शतकात गुलबर्ग्याच्या बहमनी सत्तेने गोवा घेतला आणि त्या धामधुमीत ते देऊळ पाडलं गेलं. पुढे विजयनगरच्या माधव मंत्र्याने गोवा जिंकून देऊळ पुन्हा उभं केलं. 1472 साली बिदरचा वजीर महमूद गवान याने गोवा परत बहमनींकडे आणला. त्याला हवं होतं ते बंदर, कारण अरबी घोडे तिथे उतरत आणि विजयनगरला पोचत. त्याचा बिदरचा मदरसा पूर्ण झाला तोही 1472 मध्येच. नऊ वर्षांनी सुलतानाने याच वजिराचं डोकं उडवलं. 1510 मध्ये पोर्तुगीज आले, आणि पुढच्या काही दशकांत देऊळ दुसऱ्यांदा गेलं. भक्तांनी लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नेलं. तिथल्या देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी दिली. अलीकडे, 2023 मध्ये, ते पुन्हा दुरुस्त होऊन खुलं झालं.

म्हणजे एकदा पाडणारे आपल्या बाजूचे, एकदा समुद्रापलीकडचे. आपण पाहुण्यांना मदरशाचा उरलेला मिनार दाखवतो, त्यापुढे फोटो काढतो, पण गोव्याचं नाव काढत नाही. गोव्यातले लोक पोर्तुगीजांपासून सुरुवात करतात आणि गुलबर्गा-बिदर गाळतात. दोन्हीकडे अर्धीच गोष्ट चालते, आणि मला ती सोयीची वाटते, खरी नाही.

दिवाडीवरची बाकी गावं सावकाश बघण्यासारखी आहेत. पिएदादला टेकडीवर चर्च आहे, तिथून जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात. चर्चलगतच्या दफनभूमीत जुन्या देवळाचं कोरीव छत अजून शाबूत आहे. खाली मालारकडे कौलारू घरं. त्यांतली कितीतरी बंद, मालक परदेशी. भालकीच्या गल्ल्यांतही कुलपं वाढलीत. आपली माणसं पुण्याला-हैदराबादला जातात, एवढाच फरक.

पुढच्या खेपेला कळंगुटमधला अर्धा दिवस कापा आणि दिवाडीला द्या. जुन्या गोव्याकडून चढा, बेट ओलांडा आणि नारव्याच्या फेरीने पलीकडे उतरून सप्तकोटेश्वराचं दर्शन घेऊन या. फक्त ऑगस्टचा चौथा शनिवार टाळा. त्या दिवशी बोंदेराचा उत्सव असतो आणि फेरीत पाय ठेवायला जागा मिळत नाही.