नाव ‘डर्टी’, चव फर्स्ट क्लास!

‘डर्टी राइस’ म्हणजे सरळ मराठीत घाणेरडा भात. नाव वाचून नाक मुरडलंत ना? मीसुद्धा मुरडलं होतं. एकदा नाही, दोनदा. त्यातल्या पहिल्या वेळेची मला आज लाज वाटते, म्हणून हा लेख. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं तेवढं सांभाळून घ्या!

झालं असं, की सबमिशन संपल्यावर हॉस्टेलवरच्या तीन मैत्रिणी रविवारी आमच्या घरी आल्या. मेसच्या त्याच त्या रश्श्याला कंटाळलेल्या. एकीने मोबाइलवर रेसिपी काढली. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातली, ‘केजन’ पद्धतीची. कोंबडीची कलेजी आणि पेटा बारीक चिरून परतायचा आणि भातात मिसळायचा. त्याने भात तपकिरी, मळकट दिसतो, म्हणून नाव डर्टी. सेलरी सोडून सगळं सामान घराजवळ मिळालं. तिच्या जागी कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या घातल्या.

कृती अगदी सोपी आहे. चौघांसाठी पाव किलो पेटा आणि पाव किलो कलेजी आणा. पेटा चिवट असतो, म्हणून तो आधी मीठ-हळद आणि पाच वाट्या पाणी घालून कुकरला लावा. चार-पाच शिट्ट्या होऊ द्या. ते पाणी फेकायचं नाही! त्यातच दोन वाट्या तांदळाचा मोकळा भात करायचा. मग जाड बुडाच्या कढईत तेल घालून बारीक चिरलेला पेटा परता. इथे आपलं इंजिनिअरिंग कामाला येतं. कढईत पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतं आणि काही केल्या रंग येत नाही. पाणी आटलं की मगच मांस खरपूस होतं. त्या रासायनिक क्रियेला मेलार्ड अभिक्रिया म्हणतात. फ्रेंच शास्त्रज्ञ मेलार्ड यांनी १९१२ साली तिच्यावर लिहिलं. बुडाला थोडं लागलं तर घाबरू नका, चव तिथेच असते. त्यावर दोन कांदे, एक ढोबळी मिरची, लसूण आणि त्या काड्या टाका. कांद्याला पाणी सुटलं की बुडाचं सगळं खरवडून निघतं. कलेजी शेवटी घालायची, चार-पाच मिनिटं. आतून लाल राहू द्यायची नाही, पण जास्त शिजवली तर खोडरबर होते! मग मिरपूड, तिखट आणि वर भात.

आम्ही फोटो काढत होतो तेवढ्यात आजी आत आली. कढईत डोकावली आणि म्हणाली, “ह्यात काय नवीन हाय गं? हा तर कलेजी-भात. मिलचा पगार व्हायच्या आधीच्या आठवड्यात मी हेच करत होते की.” मिरपुडीऐवजी ती काळं तिखट घालायची, एवढाच फरक.

मैत्रिणी हसल्या. मला मात्र हसू येईना. कारण हा भात मी ओळखायला हवा होता. पाचवीत असताना आजीने तो मला डब्यात दिला होता. शेजारच्या बाकावरच्या मुलीने नाक दाबलं. मी डबा बंद केला, उपाशी राहिले आणि घरी येऊन आजीला म्हणाले, “असलं घाण मला देत जाऊ नकोस.” त्यानंतर माझ्या डब्यात ब्रेड-जॅम आला आणि आमच्या घरात कलेजी-भात पुन्हा झाला नाही. आजीने एकदाही बोलून दाखवलं नाही. तोच पदार्थ इंग्रजी नाव घेऊन आला, तेव्हा मी त्याचे फोटो काढत होते!

नंतर मी या केजन लोकांबद्दल वाचलं. हे मूळचे फ्रेंच बोलणारे शेतकरी. आजच्या कॅनडातल्या अकेडिया भागातून इंग्रजांनी १७५५ पासून त्यांना हुसकावून लावलं. त्यातले काही लुइझियानात येऊन राहिले. ‘अकेडियन’चा अपभ्रंश होऊन ‘केजन’ झाला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचाही तिथल्या स्वयंपाकात मोठा वाटा आहे. गरिबांच्या घरात काहीच वाया जात नाही, त्यातून असा भात तयार होतो. १९२१ च्या राज्यघटनेने तिथल्या शाळांत फक्त इंग्रजी ठेवली, फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा व्हायच्या. आमच्याही शाळेत मराठी बोललं की दंड होता, म्हणून ही गोष्ट मला लगेच कळली! पुढे १९६८ मध्ये त्याच राज्याने फ्रेंच जपण्यासाठी परिषद नेमली, आणि १९८० च्या दशकात केजन जेवण अमेरिकेत फॅशन झालं.

आपल्याकडे काय? कलेजी, वजडी, मुंडी, पाया हे शब्दसुद्धा आपण चारचौघांत हळू उच्चारतो. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली आलं. शेजारच्या मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाबद्दल आहे ते. पाककृतींच्या पुस्तकांत ज्या अन्नाला कधी जागा मिळाली नाही, ते त्यात आहे. आमच्या घरी नुसती गरिबी होती. तिथे गरिबीवर जातीचा शिक्का होता, आणि तो खाणाऱ्याच्या ताटावरही मारला जायचा. पुस्तक २०२४ मध्ये इंग्रजीत आलं. माझ्यासारख्या बऱ्याच जणांना त्याचं नाव तेव्हाच कळलं. इथेही इंग्रजीच!

माझं म्हणणं एवढंच. ज्याला खायचं नाही त्याने खाऊ नये, त्यात काही वाईट नाही. माझी रूम पार्टनर होऊ घातलेली मैत्रीण शुद्ध शाकाहारी आहे आणि कांदा तिनेच चिरला होता. पण दुसऱ्याच्या डब्याकडे बघून नाक दाबू नका. तो डबा कुणीतरी पहाटे उठून भरलेला असतो. आणि आपल्या घरच्या पदार्थाची चव कळायला अमेरिकेच्या सर्टिफिकेटची वाट बघू नका. हॉस्टेलवाल्यांनो, सुट्टीत घरी गेलात की टीव्हीसमोर बसण्याआधी एकदा विचारा, “आजी, पैसे नसायचे तेव्हा तू काय करायचीस?” आणि ते शिकून या.

त्या रविवारी मी आजीला म्हटलं, “उद्या डब्यात हाच भात दे.” ती म्हणाली, “वास येईल बघ.” सोमवारी लॅबनंतर कॅन्टीनमध्ये डबा उघडला. वास आला. पाच मिनिटांत डबा रिकामा झाला आणि मला स्वतःला दोनच घास मिळाले!