सुरकुत्यांच्या फिलर इंजेक्शनांची विक्री, नोंद आणि जाहिरात यांबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : फिलरच्या बेकायदा वापरास आळा घालणे व टोचलेल्या उत्पादनाची लेखी नोंद ग्राहकाच्या हाती देणे बंधनकारक करणेबाबत.

महोदय,

आम्ही ठाणे जिल्ह्यात ब्युटी पार्लर चालवणाऱ्या महिला आहोत. थ्रेडिंग, फेशियल, नवरीचा मेकअप हे आमचे काम. अलीकडे आमच्याकडे येणाऱ्या बायका नाकापासून तोंडाकडे उतरणारी घडी किंवा ओठांभोवतीच्या रेषा भरून देता का, असे विचारतात. त्याच सुमारास आम्हाला एक-दोन दिवसांच्या इंजेक्शन कोर्सचे फोन येऊ लागले. कोर्ससोबत सिरिंजही मिळतील असे सांगितले जाते. आम्ही नकार दिला. पण जिथे असा कोर्स करून काम सुरू झाले आहे, तिथे जाणाऱ्या बाईला आपल्या चेहऱ्यात काय गेले हे कधीच कळत नाही. आमची मुख्य तक्रार हीच आहे.

ग्राहकाचा पहिला प्रश्न असतो, किती दिवस टिकेल? उत्तर पदार्थावर अवलंबून आहे. हायलुरोनिक अ‍ॅसिडचे फिलर साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकते, आणि ओठांसारख्या सतत हलणाऱ्या जागी लवकर ओसरते. कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपेटाइट सुमारे वर्षभर राहते, पॉली-एल-लॅक्टिक अ‍ॅसिडचा परिणाम दोन वर्षांपर्यंत दिसू शकतो. पीएमएमए (पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट) या प्लास्टिकचे सूक्ष्म कण मात्र विरघळतच नाहीत. जाहिरातीत ‘कायमस्वरूपी’ हा गुण म्हणून सांगितला जातो. आम्हाला त्याचीच सर्वांत जास्त भीती वाटते. वयाप्रमाणे चेहरा बदलतो, भरलेला पदार्थ तसाच राहतो. गाठी आणि सूज महिन्यांनी, कधी वर्षांनीही उद्भवतात. हायलुरोनिक अ‍ॅसिड हायलुरोनिडेज या इंजेक्शनने विरघळवता येते. बाकीच्यांना असा उतारा नाही. द्रवरूप सिलिकॉनला तर सुरकुत्या भरण्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यताच दिलेली नाही.

सूज, काळे-निळे डाग हे नेहमीचे त्रास आहेत, ते बहुधा ओसरतात. खरा धोका फिलर रक्तवाहिनीत शिरण्याचा. वाहिनी बंद झाली की त्वचा पांढरी पडते, जाळीदार डाग उमटतात, तीव्र वेदना होतात आणि उपचार न झाल्यास तो भाग मरतो. नाक, भुवयांमधली जागा आणि कपाळ इथल्या वाहिन्या डोळ्याच्या रक्तपुरवठ्याशी जोडलेल्या असतात. दाबाने उलट गेलेले फिलर तिथवर पोचले तर दृष्टी जाते, आणि ती बहुतेक वेळा परत येत नाही. अशा वेळी मिनिटे मोजावी लागतात. पार्लरमध्ये हायलुरोनिडेज नसते, ते किती आणि कुठे द्यायचे हे जाणणारा डॉक्टर नसतो. बाई धावत रुग्णालयात पोचली तरी तिथला डॉक्टर आधी विचारणार, काय टोचले होते? तिच्याजवळ उत्तर नसते.

फिलर हे वैद्यकीय उपकरण नियम, 2017 खाली येते आणि अशा उपकरणांच्या विक्रीची नोंदणी राज्याच्या परवाना प्राधिकरणाकडे होते. म्हणून पार्लरच्या कपाटात सिरिंज कुठून आली, हे विचारण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. नोंदणीकृत विक्रेत्यांची खरेदी-विक्रीची कागदपत्रे तपासावीत. ज्या बिलावर नोंदणीकृत डॉक्टरचे नाव नाही, त्याचा माग काढावा. ऑनलाइन विक्रीही यातून सुटू नये.

आमची सर्वांत आग्रहाची मागणी अशी. बऱ्याच नामांकित फिलरच्या खोक्यात उत्पादनाचे नाव आणि लॉट क्रमांक असलेली चिकटपट्टी येते. ती किंवा तेवढीच माहिती, मुदतीची तारीख, टोचलेली जागा, प्रमाण आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांक लिहिलेले कार्ड प्रत्येक ग्राहकाला मराठीत मिळालेच पाहिजे. सीलबंद खोके तिच्यासमोर उघडावे. एका सिरिंजमधले उरलेले दुसरीला टोचण्याचा प्रकार आढळल्यास फौजदारी कारवाई व्हावी. संसर्गाचा हा उघड मार्ग आहे.

सुईविना दाबाने फिलर आत ढकलणाऱ्या ‘हायलुरॉन पेन’ची विक्री थांबवावी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2021 मध्ये अशा साधनांविरुद्ध इशारा दिला होता. ‘कायमस्वरूपी’, ‘शंभर टक्के सुरक्षित’ अशा जाहिराती, विशेषतः लग्नसराईतल्या नवरीच्या पॅकेजमधल्या, बंद कराव्यात. अठरा वर्षांखालील मुलींना सौंदर्यासाठी फिलर देण्यावर राज्यात बंदी घालण्याचा प्रस्ताव शासनाकडे पाठवावा. इंग्लंडने 1 ऑक्टोबर 2021 पासून अशी बंदी कायद्याने लागू केली आहे.

बिघडलेल्या चेहऱ्याची तक्रार करायला बायका लाजतात, घरच्यांपासूनही लपवतात. त्यामुळे जिल्हा कार्यालयात नाव गुप्त ठेवून तक्रार घेणारी महिला अधिकारी असावी, आणि आलेली प्रत्येक तक्रार वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या देशाच्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे कळवली जावी.

अनोंदणीकृत व्यक्तीने वैद्यकीय व्यवसाय करण्यास महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी अधिनियम, 1961 ने आधीच मनाई केली आहे. तपासणीला आमच्याच पार्लरपासून सुरुवात करावी, आमची तयारी आहे. आमच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी आणि या मागण्यांवर काय कारवाई झाली ते 30 दिवसांत लेखी कळवावे, ही विनंती.

आपल्या विश्वासू,
ठाणे जिल्ह्यातील ब्युटी पार्लर व्यावसायिक महिला
(सह्यांची यादी सोबत)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : महाराष्ट्र वैद्यक परिषद, मुंबई