दोष चार्जरचा, शिक्षा मुलीला

गेल्या महिन्यात आपाचा फोन आला. आवाज दबका होता. "तुझ्या दुल्हाभाईंनी टॅब कपाटात ठेवून कुलूप लावलंय. तू एकदा येऊन बघून जा."

भाची बारावीत आहे, नीटची तयारी करते. तिची लेक्चर्स, नोट्स, सराव परीक्षा सगळं त्या टॅबवर. तिचा गुन्हा असा की रात्री साडेअकरा वाजता तिच्या टॅबवरून क्लासमधल्या एका मुलाला व्हिडिओ कॉल गेला. आठवड्यात दुसऱ्यांदा. ती रडून सांगत होती, मी केलाच नाही, आपोआप लागला. घरात कुणाला ते पटलं नाही. कॉल आपोआप कसा लागेल?

मी रविवारी गेलो. कपाटातून टॅब काढला आणि अर्धा तास चालवला. काहीच बिघाड नाही. दुल्हाभाई म्हणाले, "बघ, मी सांगत नव्हतो?" त्यांचं बोलणं वरवर बरोबरच वाटत होतं. पण दहा-बारा वर्षं सॉफ्टवेअरमधले बग शोधून एक सवय लागली आहे. एखादी गोष्ट "कधीकधी" बिघडते असं कुणी म्हटलं की आधी विचारायचं, नेमकी कधी?

भाचीला विचारलं. दिवसा कधीच नाही, फक्त रात्री. रात्री वेगळं काय असतं? दिवसा टॅब बॅटरीवर चालतो, रात्री ती चार्जिंगला लावून वाचत बसते. चार्जर कुठला? टॅबबरोबर आलेला चांगला चार्जर भावाने त्याच्या फोनसाठी घेतला होता. तिला बाजारातला बिननावाचा, स्वस्तातला मिळाला होता.

मी टॅबच्या सेटिंग्जमध्ये गेलो. अँड्रॉइडमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकवलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे 'शो टॅप्स' नावाची सोय असते. ती चालू केली की स्क्रीनला जिथे जिथे स्पर्श झाल्याचं यंत्राला वाटतं, तिथे ठिपका उमटतो. टॅब टेबलावर ठेवला, सगळ्यांना हात मागे घ्यायला सांगितलं आणि तो स्वस्तातला चार्जर लावला.

मिनिटभरात ठिपके उमटायला लागले. कुणाचं बोट नाही, तरी स्क्रीनवर टिपटिप चालू. एक ॲप उघडलं, बंद झालं, कीबोर्ड वर आला आणि निरर्थक अक्षरं पडली. चार्जर काढला, सगळं शांत. भावाच्या फोनचा चार्जर आणून लावला, तरी शांत. स्वस्तातला पुन्हा लावला, पुन्हा ठिपके. खोलीत कुणी काही बोललं नाही.

यात जादू काही नाही. टचस्क्रीनच्या काचेखाली बारीक विद्युतवाहक रेषांची जाळी असते. बोट जवळ आलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो आणि तो बदल मोजून टॅबला बोट कुठे आहे ते कळतं. हलक्या चार्जरमधून येणारा वीजप्रवाह स्वच्छ नसतो. त्यातली गडबड त्या मोजमापात शिरते आणि नसलेलं बोट दिसायला लागतं. दुरुस्तीवाले याला 'घोस्ट टच' म्हणतात. ओली काच, सैल बसलेलं स्क्रीनगार्ड किंवा पडल्यामुळे दुखावलेलं पॅनल यामुळेही असं होतं.

स्क्रीनचे बाकीचे आजारही असेच टप्प्याटप्प्याने ओळखता येतात. स्क्रीनवर रेघ किंवा डाग दिसला तर स्क्रीनशॉट काढा आणि दुसऱ्या फोनवर पाठवून बघा. तिथेही रेघ दिसली तर बिघाड सॉफ्टवेअरचा. तिथे चित्र स्वच्छ असेल तर बिघाड पॅनलचा किंवा त्याच्या केबलचा. स्क्रीन लुकलुकत असेल तर सेफ मोडमध्ये चालू करा. त्यात आपण टाकलेली ॲप्स बंद राहतात. लुकलुकणं थांबलं तर दोष एखाद्या ॲपचा.

स्क्रीन काळी पण आवाज येतोय, अशा वेळी आधी पॉवर आणि आवाज कमी करण्याचं बटण एकत्र दाबून धरून सक्तीने रीस्टार्ट करा. बहुतेक अँड्रॉइड टॅबवर हे चालतं. तरी अंधारच असेल तर एलसीडी स्क्रीनवर टॉर्चचा उजेड तिरका पाडा. पुसटसं चित्र दिसलं तर मागचा दिवा गेला आहे, टॅब जिवंत आहे. चित्र दिसतं पण टच मेला असेल तर ओटीजी ॲडॉप्टरला साधा माउस लावा. बहुतेक टॅब त्यावर चालतात. दुरुस्ती होईपर्यंत अभ्यास थांबत नाही.

एकच गोष्ट घरी करायची नाही. स्क्रीन कडेने वर उचललेली दिसली तर बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जिंग बंद करा, दाबू नका, टोचू नका, सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या. वॉरंटीतला टॅब असून कंपनी टाळाटाळ करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टलही सुरू केलं आहे. त्यावर अनेक कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका ठिकाणी मिळते.

पण मला टोचतंय ते वेगळंच. भावाचा फोन बिघडला असता तर घरातलं पहिलं वाक्य असतं, "दुकानात दाखव." बहिणीचा टॅब बिघडला तेव्हा पहिलं वाक्य होतं, "तू काय करत होतीस?" यंत्र तेच, बिघाड तसाच, पण एकाच्या बाबतीत तपासणी यंत्राची आणि दुसरीच्या बाबतीत चारित्र्याची. चांगला चार्जर मुलाला आणि उरलेला मुलीला, ही वाटणी तर कुणी मुद्दाम केलीही नव्हती. सवयीने झाली. म्हणूनच ती जास्त गंभीर आहे.

आणि समजा, तो कॉल तिने खरंच केला असता तर? बारावीची मुलगी वर्गमित्राला अभ्यासाचं विचारायला फोन करते, यासाठी तिचं पुस्तकच कुलपात टाकायचं का? हा प्रश्न मी त्या दिवशी विचारला नाही. ठिपके दिसले, मुलगी सुटली, मी चहा पिऊन निघालो. नंतर वाटलं, विचारायला हवा होता. प्रत्येक मुलीच्या घरी इंजिनिअर मामू नसतो, आणि निर्दोष ठरल्यावरच शिकायला मिळेल ही अटही बरोबर नाही.

टॅब भाचीला परत मिळाला, चांगल्या चार्जरसकट. तोवर तिचे आठ दिवस बुडाले होते. निघताना मी तिला ते डेव्हलपर ऑप्शन्स तिच्याच हाताने उघडून बंद करायला लावले. पुढच्या वेळी तिला कुणाची वाट बघायला लागू नये.

मित्रांनो, वर सांगितलेल्या तपासण्या आपल्या बहिणींना शिकवा. त्यांना येत असतील तर त्यांच्याकडून शिका. आणि घरात कुणावर ठपका ठेवायच्या आधी निदान चार्जर तरी बदलून बघा.